रजा मंजूर, घोटाळा उघड!

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात डिक्सन नावाचं छोटं शहर आहे. वस्ती सोळा हजारांच्या आतबाहेर. रोनाल्ड रेगन लहानाचे मोठे झाले ते इथे, ही या गावाची जुनी ओळख. २०१२ साली गाव पुन्हा बातम्यांत झळकलं ते नगरपालिकेच्या तिजोरीमुळे. पालिकेचे हिशेब सांभाळणाऱ्या रिटा क्रंडवेल या अधिकारी बाईने १९९० पासून ५ कोटी ३७ लाख डॉलर परस्पर वळवल्याचं उघड झालं. तिचा पगार वर्षाला साधारण ८० हजार डॉलर. तबेल्यात मात्र चारशेच्या आसपास जातिवंत घोडे, त्यातले कित्येक प्रदर्शनांत बक्षिसं पटकावणारे!

पकडली कशी गेली? रजेवर गेली म्हणून.

२०११ मध्ये ती लांब रजेवर असताना तिचं काम सिटी क्लार्क कॅथी स्वॅन्सन यांच्याकडे आलं. महिन्याचा अहवाल तयार करायचा होता, म्हणून त्यांनी बँकेकडून पालिकेच्या सगळ्या खात्यांची स्टेटमेंट मागवली. आलेल्या कागदांत एक खातं असं निघालं, ज्याबद्दल त्यांनी कधीच काही ऐकलं नव्हतं. वर पालिकेचं नाव, सोबत सांडपाणी योजनेच्या निधीसारखं भासणारं शीर्षक. आत पाहावं तर मोठमोठ्या रकमा जमा होताहेत आणि ज्या खर्चांचा पालिकेशी काडीचा संबंध नाही, ते त्यातून भागताहेत. स्वॅन्सन ते कागद घेऊन महापौर जेम्स बर्क यांच्याकडे गेल्या. बर्क यांनी थेट एफबीआयला फोन लावला.

त्यानंतरचे महिने या दोघांसाठी सगळ्यात अवघड गेले असणार. पुरावे गोळा होईपर्यंत कुणाला सुगावा लागू द्यायचा नव्हता. क्रंडवेल कामावर परतली. तिच्याशी रोजच्यासारखंच बोलायचं, तिने मांडलेले आकडे ऐकून घ्यायचे, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. एप्रिल २०१२ मध्ये तिला अटक झाली आणि पुढच्या वर्षी १९ वर्षं ७ महिन्यांची शिक्षा. तपासात राज्य सरकारच्या नावाने बनवलेली १५९ खोटी बिलं सापडली. इतकी वर्षं पालिकेत रस्त्यांना पैसे नव्हते, खर्चाला कात्री लागत होती, आणि ‘राज्याकडून निधी यायला उशीर होतोय’ हे कारण सगळ्यांना पटत होतं. दर वर्षी ऑडिटही होत होतं. अखेर ऑडिटर आणि बँक यांनी मिळून डिक्सनला सुमारे ४ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला.

या सगळ्या प्रकरणात मला थोर वाटतात त्या स्वॅन्सन. त्या काही गुन्हे अन्वेषणातल्या तज्ज्ञ नव्हत्या. त्यांनी स्टेटमेंट मागवलं, ओळ न् ओळ वाचलं आणि जे खटकलं ते बोलून दाखवलं. ऑफिसातल्या अफरातफरीच्या तपासाच्या कहाण्या चाळायला लागलं की असाच कुणीतरी साधा सहकारी पुन्हा पुन्हा भेटतो.

सुट्टी घ्या, हा हुकूम आहे

‘अहो, वीस वर्षांत एक दिवस रजा नाही घेतली त्यांनी!’ निरोपसमारंभात हे वाक्य कौतुकाने म्हटलं जातं. तपासनिसाचे कान मात्र ते ऐकून टवकारतात. खोट्या नोंदी रोजच्या रोज सांभाळाव्या लागतात. आज एका ग्राहकाचा भरणा खिशात घातला, तर उद्या दुसऱ्याच्या भरण्यातून पहिल्याचं खातं भरायचं, परवा तिसऱ्याच्या पैशातून दुसऱ्याचं. ही साखळी चालवणारा माणूस आठवडाभर जागेवरून उठला की त्याच्या खुर्चीवर बसणाऱ्याला पहिला फोन येतो: ‘साहेब, मी पैसे भरलेत, पासबुकात दिसत नाहीत.’

म्हणूनच रिझर्व्ह बँकेचा एक नियम मला फार आवडतो. बँकेत संवेदनशील कामावर असलेल्यांना वर्षातून एकदा, सलग किमान १० कामकाजाचे दिवस, सक्तीने रजेवर पाठवायचं, आणि तेही आगाऊ न सांगता! २०२१ मध्ये हा नियम आणखी पक्का केला गेला. या काळात बँकेची सिस्टीम त्या कर्मचाऱ्याला उघडता येत नाही. फार तर ऑफिसचा ई-मेल पाहता येतो. फ्रान्सच्या सोसिएते जनराल बँकेला २००८ मध्ये ४९० कोटी युरोंचा फटका देणारा जेरोम केर्व्हिएल हा ट्रेडरही सुट्टी घ्यायला टाळाटाळ करत असे.

रजेची बहीण म्हणजे बदली. मुंबईत फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊस शाखेचं नाव २०१८ मध्ये देशभर झालं. पंजाब नॅशनल बँकेच्या या शाखेतून हिरे व्यापाऱ्यांना परदेशी बँकांकडून कर्ज मिळावं म्हणून हमीपत्रं दिली जात होती, आणि ती बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत नोंदलीच जात नव्हती, असा सीबीआयचा आरोप आहे. परदेशी बँकांना निरोप जायचा तो स्विफ्ट यंत्रणेतून, आणि त्या वेळी स्विफ्ट आणि मुख्य प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. रक्कम १३ हजार कोटी रुपयांहून अधिक. ज्याच्यावर मुख्य ठपका आहे तो उपव्यवस्थापक बदलीचे नियम असूनही वर्षानुवर्षं त्याच शाखेत होता. मे २०१७ मध्ये तो निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्या व्यापाऱ्यांच्या कंपन्यांची माणसं नवं हमीपत्र मागायला आली, तेव्हा नव्या अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे पूर्ण रक्कम तारण मागितली. ‘आधी कधी लागली नव्हती,’ असं उत्तर आलं. आधी? कधी? नोंदी शोधल्या, तर नोंदीच नाहीत. खुर्चीवर नवा माणूस बसला आणि त्याने एक साधा प्रश्न विचारला, एवढ्यावर देशातला एक मोठा बँक घोटाळा बाहेर आला.

कौटिल्याची चाळिशी

अधिकाऱ्याला एकाच जागी कायम ठेवू नये, हे सांगायला स्विफ्ट यंत्रणेची वाट पाहावी लागली नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय सरकारी पैसा खाण्याचे तब्बल ४० प्रकार त्यात एकामागोमाग एक मोजून दिले आहेत. आधीची वसुली नंतरची म्हणून दाखवणं, एकाने भरलेलं दुसऱ्याच्या नावे टाकणं, मापात मारणं, वजनात मारणं... आजच्या फॉरेन्सिक ऑडिटरला त्यातला एकही प्रकार अनोळखी वाटणार नाही.

मला जास्त थक्क करते ती तपासाची पद्धत. संशय आला की कोठार सांभाळणारा, नोंद करणारा, पैसे घेणारा, देणारा, द्यायला लावणारा आणि त्यांचे सल्लागार-मदतनीस, यांना एकेकट्याने विचारायचं. समोरासमोर बसवायचं नाही, म्हणजे कुणी कुणाचं ऐकून आपली कथा जुळवणार नाही. आजही चौकशीचा पहिला धडा हाच. त्यानंतर त्या अधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात दवंडी पिटायची: याच्यामुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांनी पुढे येऊन सांगावं. आणि खबर देणाऱ्याला बक्षीस! आरोप सिद्ध झाला तर वसूल रकमेचा सहावा हिस्सा. खबर देणारा स्वतः नोकर असेल तर बारावा. खोटी खबर देणाऱ्याला शिक्षा, हेही सोबत आहेच.

हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती लागला आणि १९०९ मध्ये छापून आला. त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती र. पं. कंगले यांनी, आणि १९६० पासून तीन खंडांत ती प्रसिद्ध केली मुंबई विद्यापीठाने. जगभरचे अभ्यासक आजही कंगल्यांच्या पाठाचा आधार घेतात. आपल्याकडे हे नाव आणखी ठळकपणे घेतलं जायला हवं.

गल्ल्यातली घंटी

दुकानातलं कॅश रजिस्टर हिशेब सोपा व्हावा म्हणून आलं, असा समज असेल तर तो बाजूला ठेवा. ते आलं नोकरांच्या हातचलाखीवर उपाय म्हणून! ओहायोतल्या डेटन गावात जेम्स रिटी याचं मद्यालय होतं. धंदा जोरात आणि नफा कमी, कारण गल्ल्यावरची माणसं पैसे खिशात टाकत. वैतागलेला रिटी १८७८ मध्ये युरोपच्या सफरीला निघाला. बोटीवर त्याला प्रोपेलरचे फेरे मोजणारं यंत्र दिसलं. फेरे मोजता येतात, तर विक्री का नाही? परत आल्यावर भावाच्या मदतीने त्याने यंत्र बनवलं आणि १८७९ मध्ये पेटंट घेतलं. यंत्राचं नाव त्याने ठेवलं ‘लाच न खाणारा कॅशियर’.

पुढे त्यात खण आला, कागदाची गुंडाळी आली आणि खण उघडताच वाजणारी घंटी आली, ती मालकाला माडीवरही ऐकू जावी म्हणून. १८८४ मध्ये जॉन पॅटरसन याने हा व्यवसाय विकत घेतला. तोही आधी गिऱ्हाईकच. त्याच्या दुकानात माल खपत होता आणि पैसा गळत होता. रजिस्टर बसवल्यावर फरक पडला. त्यातून नॅशनल कॅश रजिस्टर ही कंपनी उभी राहिली. आज बिल न दिल्यास जेवण फुकट अशी पाटी एखाद्या हॉटेलात दिसते, त्यामागेही रिटीचंच डोकं आहे. बिल छापलं की नोंद झाली, आणि नोंद व्हावी म्हणून गिऱ्हाइकालाच पहारेकरी नेमलं.

मग पकडतं कोण?

जोसेफ वेल्स हे एफबीआयमध्ये काम केलेले हिशेबनीस. १९८८ मध्ये त्यांनी टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे अफरातफर तपासणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. ही संघटना दर दोन वर्षांनी जगभरच्या खऱ्या प्रकरणांचा अहवाल काढते. २०२४ च्या अहवालात १३८ देशांतली १,९२१ प्रकरणं होती. त्यातली ४३ टक्के उघड झाली ती कुणीतरी दिलेल्या खबरीमुळे. अंतर्गत ऑडिटचा वाटा १४ टक्के, आणि बाहेरच्या ऑडिटरांचा फक्त ३! खबर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त त्याच संस्थेचे कर्मचारी. बाकीच्यांत ग्राहक आणि माल पुरवणारे व्यापारी.

कधी खबर अगदी अनपेक्षित दारातून येते. मिलवॉकीतल्या हेडफोन बनवणाऱ्या कॉस कंपनीच्या वित्त विभागाच्या उपाध्यक्ष बाईने सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर लंपास केले आणि ते कपडे, दागिने, फर यांवर उधळले. २००९ च्या डिसेंबरमध्ये इशारा आला तो अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीकडून. एका व्यक्तीच्या कार्डाची अवाढव्य बिलं कंपनीच्या खात्यातून कशी काय फिटताहेत, हे त्यांना खटकलं.

ऐपतीबाहेरचं राहणीमान हे त्याच अहवालात सगळ्यात जास्त आढळलेलं लक्षण आहे, दर दहांपैकी जवळपास चार प्रकरणांत. पण त्यावरून कुणी शेजारच्या टेबलावरच्या नव्या गाडीकडे संशयाने पाहू नये. ती सासऱ्यांनी दिली असेल, कर्जावर घेतली असेल. लक्षण म्हणजे पुरावा नव्हे, हे तपासनिसाइतकंच आपणही पाळायला हवं.

खबर देणाऱ्याचं पुढे काय होतं, हा मात्र दुखरा भाग आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पातल्या गैरप्रकारांबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं होतं आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली होती. नाव फुटलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत गोळी झाडून त्यांची हत्या झाली. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेत मंजूर झाला खरा, पण त्याच्या अंमलाची तारीख वर्षानुवर्षं ठरलीच नाही. याची चीड यायला हवी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी तक्रार-यंत्रणा बंधनकारक आहे, पण तिच्यावर विश्वास ठेवावा असं वातावरण त्या त्या ऑफिसने मुद्दाम तयार करावं लागतं.

एक हा आकडा जास्त का येतो?

सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये एक गंमत टिपली. लॉगरिदमच्या पुस्तकाची पहिली पानं जास्त मळलेली आणि शेवटची कोरी. म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या संख्या लोक जास्त शोधतात. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड यांनी नद्यांची क्षेत्रफळं, लोकसंख्या असे वीस हजारांवर आकडे तपासून हे दाखवून दिलं. निसर्गतः वाढत जाणाऱ्या आकड्यांत सुमारे ३० टक्के संख्या १ ने सुरू होतात आणि ९ ने सुरू होणाऱ्या जेमतेम साडेचार टक्के.

अफरातफर करणाऱ्याला हे माहीत नसतं. ॲरिझोना राज्याच्या कोषागारातल्या एका व्यवस्थापकाने १९९३ मध्ये २३ चेक बनावट व्यापाऱ्याच्या नावे काढले, एकूण जवळपास १९ लाख डॉलर. सुरुवात लहान रकमांनी, मग एकदम उड्या, आणि बहुतेक चेक एक लाखाच्या किंचित खाली. नऊ-दशांशाहून जास्त रकमा ७, ८ किंवा ९ ने सुरू होणाऱ्या. हिशेबतज्ज्ञ मार्क निग्रिनी यांनी पुढे हे आकडे बेनफर्डच्या नियमापुढे ठेवले, तेव्हा ते पार उलटे निघाले. नव्या संगणकप्रणालीतल्या त्रुटी दाखवण्यासाठी हे केलं, असा बचाव त्या व्यवस्थापकाने केला होता.

मंजुरीच्या मर्यादेला चिकटून येणारी बिलं ही तर आपल्याकडचीही जुनी ओळख. पन्नास हजारांपर्यंत सही साहेबांची, वर गेलं की मुख्यालयाची. मग ४९,५०० ची तीन बिलं एकाच आठवड्यात. बेनफर्डचा नियम मात्र सगळीकडे लावू नये. पगार, एमआरपी, फोन नंबर असे माणसाने ठरवलेले आकडे त्याला जुमानत नाहीत.

एक बिल घ्या, भिंगाखाली धरा

आता थोडं जवळून पाहू. समोर एका पुरवठादाराचं बिल आहे, नाव भारदस्त, शेवटी ‘एंटरप्रायझेस’. त्याचा जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा. पहिले दोन अंक राज्याचे: २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा. त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की मालक कोण: ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती. व्यक्ती असेल तर पाचवं अक्षर तिच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं! खरेदी विभागातल्या साहेबांच्या आडनावाचं अक्षर तिथे दिसलं, तर लगेच निष्कर्ष काढायचा नाही, पण जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकून मालकाचं नाव आणि पत्ता जरूर पाहायचा. तो पत्ता कर्मचाऱ्यांच्या यादीतल्या पत्त्यांशी, बँक खातं पगाराच्या खात्यांशी ताडून पाहायचं. एक्सेलमध्ये तासाभराचं काम.

मग बिलाचा क्रमांक. जानेवारीत १०१, फेब्रुवारीत १०२, मार्चमध्ये १०३. म्हणजे या व्यापाऱ्याला जगात तुमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईकच नाही. बिलाला घडी नाही, डाग नाही, पोचपावतीवर सही एकाच शाईची. गेटवरच्या रजिस्टरमध्ये टेम्पोचा नंबर नाही. वॉचमनची ती फाटकी वही अनेकदा महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त बोलते, कारण ती लिहिणाऱ्याला खोटं लिहिण्याचं कारण नसतं.

तारखाही चुगली करतात. बिलावर मे २०१७ आणि खाली सीजीएसटी-एसजीएसटीचे रकाने, असा कागद आला तर तो मागाहून बनवलेला, कारण जीएसटी सुरू झाला १ जुलै २०१७ ला. याच जातीचा जगप्रसिद्ध किस्सा पाकिस्तानातला. २०१७ मध्ये नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाच्या मालमत्तेची चौकशी चालू असताना २००६ ची तारीख असलेला एक दस्तऐवज सादर झाला. तो होता कॅलिब्री या टाइपमध्ये, आणि हा टाइप सर्वसामान्यांसाठी बाजारात आला २००७ मध्ये!

१ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. व्हाउचर कुणी, कधी बदललं, हे सगळं त्यात उमटतं. हिशेब लिहिणाऱ्या प्रामाणिक माणसाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

रात्रपाळीचं ऑडिट

वर्ल्डकॉम या बलाढ्य दूरसंचार कंपनीत अंतर्गत ऑडिटच्या प्रमुख होत्या सिंथिया कूपर. २००२ मध्ये त्यांच्या चमूला काही विचित्र नोंदी दिसल्या: रोजचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवलेला. वित्तप्रमुखांनी ऑडिट पुढे ढकला असं सुचवलं. कूपर ऐकेनात. जीन मोर्स हा सहकारी संगणकावर आकडेमोड करी, पण दिवसा केली तर सिस्टीम मंदावून बोभाटा होणार, म्हणून काम रात्री. सापडलेला पुरावा नाहीसा होईल या भीतीने तो सीडीवर उतरवून ठेवलेला. जून २००२ मध्ये कंपनीला ३८० कोटी डॉलरचा खोटा हिशेब कबूल करावा लागला; पुढे आकडा कितीतरी वाढला. मुख्याधिकाऱ्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. ‘टाइम’ने त्या वर्षीच्या मानकऱ्यांत कूपर यांना स्थान दिलं.

चोर की गांजलेला माणूस?

डोनाल्ड क्रेसी या समाजशास्त्रज्ञाने तुरुंगात जाऊन अपहाराच्या कैद्यांशी बोलून १९५३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातून पुढे तीन टोकांचं सूत्र रूढ झालं: पैशाची नड, हात मारायची संधी आणि मनाची समजूत. बहुतेकांची समजूत एकच होती, ‘मी उसने घेतले, परत ठेवणार होतो.’ नडही अशी, जी ते कुणाजवळ बोलू शकत नव्हते. आजच्या अहवालांतही दहांतल्या आठांहून अधिक जणांवर पूर्वी कसलाच गुन्हा नसतो. हे वाचून गुन्ह्याला माफी द्यावी असं मी म्हणत नाही. कायदाही देत नाही: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ नुसार नोकराने केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि लोकसेवक किंवा बँकवाल्याने केला तर जन्मठेपेपर्यंत. पण आजारपण, सावकारी किंवा जुगाराचं कर्ज बोलून दाखवता येईल असं एखादं दार ऑफिसात असेल, तर काही प्रकरणं सुरूच होणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

आणि चोरी झालीच नसेल तर?

या विषयातली सगळ्यात हादरवणारी गोष्ट अफरातफर न झालेल्या प्रकरणाची आहे. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून गावोगावच्या शाखांत फुजित्सू कंपनीची होरायझन ही संगणकप्रणाली बसवली. शाखाचालकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन यांना दोन हजार पौंडांची तूट दिसली. त्यांनी मदतकेंद्राला फोन केला. सांगितली ती बटणं दाबली आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली! असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय, असं कित्येकांना सांगण्यात आलं. प्रत्यक्षात शेकडो जण त्याच फेऱ्यात होते. पोस्ट खात्याला स्वतःच खटले भरण्याचा अधिकार होता, आणि संगणक बरोबरच चालतोय असं इंग्लंडचा कायदा गृहीत धरत होता. नऊशेंहून अधिक जण दोषी ठरले. कुणी तुरुंगात गेलं, कुणी घर विकून न चोरलेले पैसे भरले, कुणी जीव दिला. अनेकजण भारतीय वंशाचे होते.

ॲलन बेट्स या बडतर्फ शाखाचालकाने माणसं जमवली. ५५५ जण न्यायालयात गेले आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी प्रणालीत दोष असल्याचा निकाल दिला. शाखाचालकाला न कळवता फुजित्सूची माणसं दुरून त्याच्या हिशेबात शिरू शकत होती, हेही सिद्ध झालं. २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून या शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या.

आपल्याकडच्या विभागीय चौकशीत आरोप झालेल्याला हक्क आहेत, पण ते फार थोड्यांना ठाऊक असतात. स्थायी आदेश लागू असलेल्या आस्थापनेत निलंबन झालं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, त्यानंतर विलंब कामगारामुळे नसेल तर पाऊण. संगणकातला पुरावा न्यायालयात द्यायचा तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा अंकी ठसा, लिहावं लागतं. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ते मूल्य बदलतं. म्हणून संशयिताचा लॅपटॉप उत्साहाने उघडून बघणाऱ्या साहेबांना थांबवायचं आणि आधी त्याची जशीच्या तशी प्रत काढून घ्यायची.

आणि उद्या असं आरोपपत्र तुमच्या किंवा तुमच्या शेजारच्या टेबलावर आलं, तर घाईने खुलासा लिहायला बसू नका. ज्या कागदांवर आरोप बेतलाय त्यांच्या प्रती मागा. उलटतपासणीची संधी आणि मदतीला सहकारी मागा. सॉफ्टवेअरमधल्या बदलांची पूर्ण नोंद मागा, त्या तारखेचं हजेरीपत्रक मागा, आणि तो पासवर्ड त्या दिवशी आणखी कुणाकुणाला माहीत होता, हे लेखी विचारा.